साका, सामू आणि सासरे

*«काका, सांगलीत विश्रामबागला आमचं घर. दिवाळीनंतर गच्चीवर चार पीव्हीसी पाइप आणि शंभर लिटरचं पांढरं पिंप लावून बिनमातीची बाग सुरू केली. पालक, कोथिंबीर, लेट्यूस, थोडा पुदिना. पाणी घरच्या बोअरचं. रोज सकाळी पेन बुडवलं की सामू (पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा) आठच्या पुढे. लिंबू पिळते, व्हिनेगर घालते, संध्याकाळपर्यंत सहावर आणते. सकाळी पुन्हा आठ. पिंपाच्या तळाशी पांढरा साका बसतो, बोटांनी चोळला तर चुन्यासारखा लागतो. पंपाच्या जाळीवर तपकिरी बुळबुळीत थर. पालकाची नवी पानं पिवळी पडलीत, शिरा तेवढ्या हिरव्या. १९:१९:१९ (नत्र, फॉस्फरस, पोटॅशचं मिश्र खत), कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट असं तिन्ही एका बाटलीत दाट विरघळवून ठेवते आणि दर चार दिवसांनी त्यातलं दोन झाकणं पिंपात ओतते. ईसी (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) २.१ दाखवतं, म्हणजे खत तर कमी नाही. सासरे (आम्ही आप्पा म्हणतो) तासगावकडचे, जन्मभर द्राक्षबाग केलेली. रोज वर येतात, पिंपात डोकावतात आणि म्हणतात, "पोरी, पाण्यावर पालक नाही येत, शेवाळ येतं." त्यांना खोटं कसं पाडू?»*
*— एक वाचक, सांगली*

ताई, आप्पांना खोटं पाडायचं नंतर बघू. आधी त्यांना चहा द्या आणि एवढंच विचारा, "आप्पा, ठिबकला ॲसिड का सोडायचात?"

तुमच्या पत्रातल्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर तिथेच आहे. तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ या पट्ट्यातल्या कुठल्याही द्राक्षवाल्याला विचारा. बोअरचं पाणी ठिबकमधून वर्षभर फिरलं की ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा पापुद्रा धरतो, थेंब पडायचा बंद होतो आणि मग आम्लप्रक्रिया करावी लागते. तो पापुद्रा आणि तुमच्या पिंपातला साका हे चुलतभाऊ आहेत. सख्खे नाहीत, कारण तुमच्या साक्यात आणखी एक भानगड मिसळली आहे. तिच्याकडे येतोच.

तुम्ही सामूला रोग समजून त्याच्यामागे लागलात. सामू म्हणजे ताप. ताप उतरवायला रोज गोळी देताय, पण दुखणं पाण्यातच आहे.

कृष्णाकाठची आपली काळी जमीन बेसाल्टवर बसलेली. त्या काळ्या पाषाणाच्या भेगांतून झिरपत बोअरला आलेलं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि मुख्य म्हणजे बायकार्बोनेट सोबत घेऊन येतं. गीझरच्या कॉइलवर, कुकरच्या तळाला, नळाच्या जाळीवर जे पांढरं धरतं ते हेच. या बायकार्बोनेटची खोड अशी की ते आम्ल पिऊन टाकतं. तुम्ही लिंबू पिळलं, त्यानं थोडं आम्ल प्यायलं, सामू तात्पुरता खाली आला. पण शिल्लक बायकार्बोनेट तसंच पाण्यात असतं. शिवाय आम्लानं जे फुटलं त्याचा कार्बन डायऑक्साइड झाला, तो काही वेळ पाण्यात विरघळून राहतो आणि सामू खाली धरून ठेवतो. रात्रभर पंप पाणी खेळवतो, पाइपातून पाणी खळखळत पडतं, सोड्याच्या बाटलीतला वायू जावा तसा तो वायू उडून जातो आणि सकाळी सामू जागेवर. तुमचं पेन खोटं बोलत नाही (बहुधा), पाणीही नाही.

एक शंका लोक हमखास काढतात, की हे शेवाळामुळे असेल. शेवाळानंही सामू चढतो, नाही असं नाही. पण शेवाळ उन्हात कार्बन डायऑक्साइड खातं, त्यामुळे त्याचा सामू दुपारी चढतो आणि पहाटे उतरतो. तुमचा पहाटे चढलेला असतो. तेव्हा मुख्य आरोपी बायकार्बोनेटच. शेवाळ तुमच्याकडे आहे, पांढऱ्या पिंपात ऊन झिरपतं म्हटल्यावर असणारच. पण ते साथीदार. पिंपाला आधी काळा रंग आणि त्यावर पांढरा रंग द्या. काळा उजेड अडवतो, पांढरा उन्हाची धग परतवतो. किंवा सरळ गोणपाट गुंडाळा, ते ओलं ठेवलं तर पाणीही गार राहील.

मी साताऱ्यात राहतो. आमच्याकडे नळाला कासचं पाणी येतं, म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावर साठलेलं पावसाचंच पाणी. ते इतकं हलकं की आम्लाचे चार थेंब जास्त पडले तर सामू थेट चारवर आपटतो. आमचं दुखणं तुमच्या उलट. त्यामुळे कुणी व्हिडिओत सांगितलं की 'दहा लिटरला पाच थेंब टाका', तर ते त्याच्या नळाला लागू, तुमच्या बोअरला नाही. पाण्याचा सामू सारखा दिसला तरी आम्ल पिण्याची ताकद सारखी नसते. आठ सामूचं एक पाणी एका चमच्यात शरण येतं, दुसरं वाटीभर पिऊनही मान वर ठेवतं.

ती ताकद मोजायची कशी? पहिला मार्ग म्हणजे पाणी परीक्षण. बोअर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवून, स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं दोनदा विसळून, लिटरभर पाणी काठोकाठ भरून माती-पाणी प्रयोगशाळेत द्या. अहवालात सामू आणि ईसी सगळेच बघतात. तुम्ही कार्बोनेट, बायकार्बोनेट, सोडियम आणि क्लोराइड या ओळी बघा. आप्पांच्या कपाटात बागेच्या पाण्याचे जुने अहवाल असतील तर वाचायला तेच शिकवतील.

दुसरा मार्ग बादलीचा. कृषी सेवा केंद्रात ठिबकसाठी ८५ टक्के फॉस्फोरिक ॲसिड मिळतं. नऊशे मिली पाण्यात शंभर मिली ॲसिड असं एक लिटर सौम्य द्रावण करा. पाण्यात ॲसिड, ॲसिडमध्ये पाणी कधीही नाही. हातमोजे, डोळ्याला चष्मा, आणि ती बाटली शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत मुळीच नको. घरात लहान मूल असेल तर कुलपात. आता दहा लिटर बोअरचं पाणी बादलीत घ्या आणि सिरिंजनं हे द्रावण दोन-दोन मिली घालत, ढवळत, सामू सहावर आणा. किती मिली गेलं लिहून ठेवा. बादली उघडी ठेवा, मधूनमधून ढवळा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, चढला असेल तेवढं पुन्हा घाला. पाच-सात मिलीत काम झालं तर पाणी चांगलं हलकं. पंचवीस मिलीच्या आसपास गेलं तर क्षारता (म्हणजे हीच आम्ल पिण्याची ताकद) लिटरला अडीचशे मिलिग्रॅमच्या घरात आहे असं धरा, आणि मग नुसत्या आम्लावर भागायचं नाही.

का नाही भागायचं? साधा हिशोब आहे. तेवढ्या जड पाण्याच्या शंभर लिटरला सत्तावीसेक मिली दाट फॉस्फोरिक ॲसिड लागेल. त्यातून पाण्यात लिटरमागे १२० मिलिग्रॅमच्या आसपास नुसता फॉस्फरस उतरतो. पालेभाजीला तीस ते पन्नास पुरतो. जास्तीचा फॉस्फरस कॅल्शियमला आणि लोहाला धरून खाली बसणार, म्हणजे साका घालवायला गेलात आणि नवा साका घातलात. द्राक्षवाले याच कामाला नायट्रिक किंवा सल्फ्युरिकही वापरतात, पण गच्चीवर, पोरांच्या वावरात, मी ती सुचवणार नाही. बॅटरीचं ॲसिड तर अजिबात नको; जुन्या बॅटरीतल्या ॲसिडमध्ये शिसं असतं आणि तुम्ही पालक खाणार आहात.

त्यापेक्षा पाणीच हलकं करा. निम्मं बोअर, निम्मं पावसाचं किंवा आरओचं. क्षारता निम्म्यावर, आम्लही निम्म्यावर, फॉस्फरस आवाक्यात. एक भाग बोअर आणि तीन भाग हलकं पाणी केलंत तर उत्तमच. आता मेअखेर आहे, जून तोंडावर आला. गच्चीवर पडलेलं पाणी पाइपातून पिंपात घेता येईल. पहिल्या एक-दोन सरींचं धूळ-विष्ठेचं पाणी वाहून जाऊ द्या, मग साठवा. फक्त एक काळजी घ्या, ते सिमेंटच्या नव्या हौदात साठवू नका. हलकं पाणी सिमेंटमधला चुना खातं आणि चार दिवसांत त्याचाही सामू चढतो. प्लास्टिकची टाकी बरी. आणि आरओ मशीनमधून नळीनं बाहेर जाणारं पाणी 'वाया कशाला घालवा' म्हणून बागेला वापरत असाल तर आजच थांबवा. त्यात मूळ पाण्याचे क्षार आणखी दाट होऊन आलेले असतात. लादी पुसायला ते पुष्कळ झालं.

आता ती भानगड. तुमची एक बाटली.

कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट दाट द्रावणात एकत्र आले की कॅल्शियम आणि सल्फेट हातात हात घालून जिप्सम होऊन खाली बसतात. कॅल्शियमला १९:१९:१९ मधला फॉस्फेट भेटला की कॅल्शियम फॉस्फेट होतो, तो तर दूध नासावं तसा दिसतो. तुम्ही बाटली हलवून दोन झाकणं ओतत असाल, तेव्हा ती पांढरट दिसत असेल ना? ते विरघळलेलं खत नव्हे. रोपांसाठी आणलेलं कॅल्शियम, फॉस्फरस आणि गंधक बाटलीतच एकमेकांशी लग्न लावून बसलंय आणि पिंपाच्या तळाला संसार मांडतंय. मुळांना त्याचा काडीचा उपयोग नाही. तुमच्या रोपांचं जेवण खाली सांडलेलं आहे, आणि तुम्ही सांडलेलं पुसत बसला आहात.

आप्पांना हेही विचारा. ठिबकच्या टाकीत कॅल्शियम नायट्रेटबरोबर ०:५२:३४ (फॉस्फेट-पोटॅशचं खत) किंवा सल्फेटचं खत ते कधी सोडायचे का? नाही म्हणतील. कॅल्शियम नायट्रेट सोडायचा दिवस वेगळाच असतो, हे बागायतदाराला कुणी शिकवावं लागत नाही. ज्यानं एकदा लॅटरल (ठिबकची नळी) जाम करून घेतली तो जन्मभर विसरत नाही.

साका कशाचा आहे हे घरात ओळखता येतं. थोडा काढा, कागदावर वाळवा, दोन चिमटी करा. पहिल्या चिमटीवर व्हिनेगरचे थेंब: फसफसलं तर चुनखडी, म्हणजे बोअरची देणगी. फसफस न होता हळूहळू विरघळत गेलं तर फॉस्फेट असण्याचा संभव जास्त. दुसरी चिमूट गरम पाण्यात: लगेच विरघळली तर ते नुसतं सुकलेलं खत, नेट कपाच्या (रोप बसवायच्या जाळीदार कपाच्या) काठावर किंवा कोकोपीटवर जी पांढरी साय धरते तशी, पाणी शोषून वर चढतं, वाफ होते, क्षार मागे राहतो. तो कपावर वरून साधं पाणी ओतून धुऊन काढा, खोडाला चिकटून राहिला तर कोवळी खोडं भाजतात. आणि व्हिनेगरला दाद दिली नाही, गरम पाण्यालाही फारशी नाही, तर जिप्सम. तुमच्याकडे चुनखडी, फॉस्फेट आणि जिप्सम या तिन्हींची खिचडी निघेल असा माझा अंदाज आहे.

जाळीवरचा तपकिरी थर मात्र वेगळा. बोटांत धरून बघा. बुळबुळीत आणि कुबट वासाचा असेल तर तो जंतूंचा, आणि त्यांना खाऊ घालणाऱ्या तुम्हीच. लिंबाचं आणि व्हिनेगरचं आम्ल सेंद्रिय असतं, पाण्यातले जंतू ते दोन-तीन दिवसांत फस्त करतात. फस्त झालं की सामू परत वर, आणि जंतूंची वस्ती वाढलेली. रोजच्या लिंबानं तुम्ही त्यांना सरबत पाजताय. लिंबूफुलाचीही हीच गत. एका बादलीपुरतं, चाचणीपुरतं ठीक. रोजच्या वापराला नाही. थर बुळबुळीत नसून गंजासारखा भुरभुरीत, तांबूस असेल तर ते लोह, आणि पानं पिवळी का पडली त्याचं उत्तर तिथं बसलंय.

नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या, ही लोह न मिळाल्याची खूण. पत्रात लोहाचं नाव नाही, पण घालत असाल तर पुडीवर बघा, बहुतेक ईडीटीए चिलेट असेल. ते साडेसहा सामूपर्यंत लोहाला धरून ठेवतं. त्यावर गेलं की पकड सुटते, लोह फॉस्फेटशी जुळून किंवा हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं. आठ सामूला त्यातलं मुळांच्या वाट्याला फारसं काही येत नाही. बोअरचं पाणी जड असलेल्या लोकांना मी ईडीडीएचए चिलेट सुचवतो, ते नऊच्या सामूलाही टिकतं. महाग आहे, आणि पाणी लालभडक करतं; आप्पा विचारतील की कोकम सरबत केलंय का. सामू ताब्यात आला की साध्या ईडीटीएवरही भागेल.

आणि ईसी २.१ वर विसंबू नका. ईसीचं पेन ताटात किती वाढलंय ते सांगतं, काय वाढलंय ते नाही. नुसत्या बोअरच्या पाण्याचा ईसी मोजलात का? तो ०.९ किंवा १ निघाला, तर २.१ मधला निम्मा बोअरचाच, त्यात सोडियम-क्लोराइड किती ते देव जाणे. उन्हाळ्यात पाणी उडालं की तुम्ही बोअरचंच पाणी वरून घालत गेलात; पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. लेट्यूसची कड जळाल्यासारखी होत असेल, तर यात त्याचाही हात आहे. लेट्यूसला ईसी एक-सव्वा पुरतो, कोथिंबिरीला दीडपर्यंत, पालक-पुदिना दोनपर्यंत सोसतात. एकाच पिंपावर सगळे असतील तर १.४ ते १.६ वर ठेवा, कुणीच फार तक्रार करणार नाही. पेनवर पीपीएम दाखवत असेल तर तेही जपून: काही पेनं ईसीला पाचशेनं गुणतात, काही सातशेनं. दोघांच्या आकड्यांची तुलना करून मैत्रिणीशी भांडू नका.

१९:१९:१९ बद्दल मला आकस नाही, शेतात ते उत्तम. पण त्यातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं. मातीत जंतू युरिया फोडून रोपांना देतात, तुमच्या पाइपात ती सोय नाही. पडून राहतो आणि पुन्हा त्याच बुळबुळीत मंडळींची धन होते. शंभर लिटर हलक्या पाण्याला मी पालेभाजीसाठी साधारण असं घेतो: कॅल्शियम नायट्रेट ७० ग्रॅम, १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) चाळीस ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४० ग्रॅम, ०:५२:३४ पंधरा ग्रॅम, ईडीटीए लोह दोन ग्रॅम, आणि बाकी सूक्ष्म अन्नद्रव्यांचं चिलेटेड मिश्रण पुडीवर दिलेल्या प्रमाणात. तुमच्या निम्म्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम आधीच आहे, तेव्हा ती दोन्ही खतं पाऊणपट करा. सामूसाठी फॉस्फोरिक वापरणार असाल तर ०:५२:३४ वगळाच, फॉस्फरस आम्लातून मिळतोय. ही सगळी खतं आप्पांच्या ओळखीची आहेत, फक्त एकरी किलोऐवजी पिंपाला ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा चालतो. पण तो पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

क्रम महत्त्वाचा. पिंप जवळजवळ भरून घ्या. मग आम्ल, कारण सामू उतरलेल्या पाण्यात फॉस्फेट आणि कॅल्शियम शांत राहतात. ढवळा. त्यानंतर मॅग्नेशियम, पोटॅश, लोह वगैरे एकेक, प्रत्येक विरघळल्याशिवाय पुढचं नाही. शेवटी कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या बादलीत पूर्ण विरघळवून बारीक धारेनं. भरपूर पाण्यात सगळी खतं गुण्यागोविंदानं राहतात, भांडण फक्त दाटीवाटीत होतं. दाट साठवणीची हौसच असेल तर दोन बाटल्या: एकीत कॅल्शियम नायट्रेट आणि लोह, दुसरीत बाकी सगळं, आणि दोघींना एकच झाकण-माप नको.

शेवटी सामू पुन्हा बघा. ५.५ ते ६.५ मध्ये कुठेही असू द्या. सहाला टेकवून ठेवायचा अट्टहास करू नका. रोपं नायट्रेट घेतात तसा सामू रोज थोडा वर सरकतोच, ते भूक लागल्याचं लक्षण आहे. साडेसहा ओलांडला की दुरुस्त करा, एरवी हात लावू नका. दिवसातून तीनदा आम्ल घालणाऱ्यांच्या बागा मी पाहिल्यात, मुळांना एकदा मिरची आणि एकदा साखर दिल्यासारखं होतं.

पेनबद्दल मघाशी 'बहुधा' म्हणालो. पिवळ्या स्वस्त पेनबरोबर दोन पुड्या येतात, ६.८६ आणि ४.०० लिहिलेल्या. प्रत्येकी अडीचशे मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून महिन्यातून दोनदा पेन जुळवून घ्या, आधी ६.८६, मग ४. काचेचं टोक सुकू द्यायचं नाही, आणि डिस्टिल्ड पाण्यात बुडवूनही ठेवायचं नाही. साठवणीचं पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण टोपणात चार थेंब. दोन्ही पुड्या जुळेनात, तर पेन म्हातारं झालंय.

हे ठामपणे सांगतोय कारण मी स्वतः महिनाभर पेनला शिव्या दिल्या आहेत. बाजारातून खडे आणण्याऐवजी मी हुशारी केली: घरामागच्या मुरमातली बारीक खडी चाळून, धुऊन कपांत भरली. सामू रोज चढे. हलकं कासचं पाणी, पावसाळा, पिंप झाकलेलं, काहीच कारण सापडेना. नवं पेन आणलं, तेही तेच म्हणे. शेवटी सौ.नं लोणच्याच्या लिंबांचा उरलेला रस त्या खडीवर ओतला आणि म्हणाली, "हे बघा, उकळतंय." मुरमात चुनखडीचे पांढरे खडे होते, पाणी रोज तेच चाटत होतं. तुमच्या कपांत काय आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. मातीचे भाजलेले गोळे असतील तर लाल पाणी जाईपर्यंत धुवा. कोकोपीट असेल तर सुरुवातीलाच त्यातून सोडियम-पोटॅश सुटतं. कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवून, पिळून मग वापरा. खडी असेल, तर लिंबू हाताशी आहेच. आता त्याचा खरा उपयोग करा.

या आठवड्यात एक दिवस काढा. सकाळी लवकर, उन्हं चढायच्या आत. रोपं कपांसकट साध्या पाण्याच्या बादलीत सावलीला ठेवा. पिंप, पाइप, पंप रिकामे करा. पांढरा थर व्हिनेगरनं किंवा सौम्य ॲसिडनं भिजवून ब्रशनं घासा, स्वच्छ पाण्यानं दोनदा विसळा. बुळबुळीसाठी ब्लीचिंग पावडरचं पाणी वापरणार असाल तर ते वेगळ्या वेळी, आधीचं ॲसिड पूर्ण धुऊन गेल्यावरच. दोन्ही एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो, बंदिस्त जिन्यात तो जिवावर बेततो. मुळं बघा: पांढरी किंवा खतानं किंचित पिवळसर असतील तर ठीक, तपकिरी, मऊ, ओढल्यावर वरचं साल मोज्यासारखं निघून आत दोरा उरत असेल, तर ते रोप सोडून द्या. सांगलीचा मे आहे. पाणी तिशीच्या पुढे गेलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि मूळकूज याच दिवसांत येते. लेट्यूसला तर आत्ता सुट्टी द्या, ती ऑक्टोबरनंतरची पाहुणी.

जी पानं पिवळी झालीत ती हिरवी होतीलच असं नाही. आठ-दहा दिवसांनी मधून निघणारं नवं पान बघा. त्यात हिरवा उतरला तर लोह लागू पडलं. पुढे दर दोन आठवड्यांनी पिंप रिकामं करून नवं पाणी भरत चला, म्हणजे सोडियमसारखा न खाल्ला जाणारा माल साचत नाही. मधे पाणी कमी झालं आणि ईसी चढला असेल तर पावसाचं किंवा आरओचं साधं पाणी, उतरला असेल तर खताचं.

काढलेलं जुनं पाणी गटारात ओतू नका, साक्यासकट अंगणातल्या नारळाच्या आळ्यात घाला. नारळाला ते चालतं, आणि खाली बसलेलं फॉस्फेट मातीत सावकाश का होईना कामी येतं. अंगणात नारळ नसेल तर शेजाऱ्यांचा असेलच. आळं करायचं काम आप्पांना सांगा.